पिकअपमधला फट्ट आवाज आणि मामाच्या डबीतला चुना

येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, सकाळी तो आवाज पहिल्यांदा ऐकला; त्या दिवशी आमच्याकडं सगळं घर शेतात जाऊन पूजा करून जेवतं. पिकअपच्या हौद्यात आंबिलाचा माठ, चुलती त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेली, भज्जीचं पातेलं, उंडे, पोळ्यांची दुरडी, चार पोरं, सगळं भरून झालं आणि मी पहिला टाकून क्लच सोडला तर खालून फट्ट. ज्वारीची लाही फुटावी तसा कोरडा आवाज, फक्त लई मोठा, आणि एकदाच. चुलती मागून ओरडली, "माठ फुटला काय रं?" उतरून बघितलं, माठ चांगला होता. शेतात गेलो, कोपीत पूजा झाली, पोटभर जेवलो, आणि संध्याकाळी घरी निघताना गाडी मागं घेतली की परत फट्ट, पुढं घेतली की परत.

आमची पिकअप 2010 ची. अण्णांनी सोयाबीनच्या पैशावर घेतलेली, त्यात थोडं कर्ज, ते कधीच फिटलं. औशाच्या पुढं आमचं गाव, तिथून लातूरचा मोंढा, साखर कारखान्याचा रस्ता, सोयरीकीची गावं, सगळीकडं हीच गाडी. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, पण गावागावात पाणी पोचवायचं काम असल्याच गाड्यांनी केलं. आमच्या हौद्यात 2000 लिटरची टाकी असायची. 2000 लिटर म्हणजे नुसतं पाणीच दोन टन, गाडीला झेपण्यापेक्षा कितीतरी जास्त, वर ते पाणी ब्रेक मारला की पुढं धावतं आणि गाडी सोडली की मागं आपटतं. तीन महिने रोज चार-पाच खेपा. त्या उन्हाळ्यात गाडीनं माणसं जगवली असं मी मानतो, म्हणून तिच्यातनं नवीन काही आवाज आला की मला झोप लागत नाही.

तर आवाज. पहिल्या आठवड्यात मी तो कुठून येतोय हे शोधत होतो, आणि आता कळतंय की चूक तिथंच झाली. मला वाटायचं मधून येतोय, सीटच्या खालून. बायको शेजारी बसलेली तिला वाटायचं डाव्या दाराच्या तिकडून. पोरगं मागं उभं राहिलं तर म्हणालं फाळक्यापासून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपासून. तिघांचे कान चांगलेत, मग असं का? कारण चेसी म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडच की. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो आणि पोलादात 5000 मीटरच्या वर. म्हणजे मागं कुठं काही तडकलं तर ते हवेतनं कानात यायच्या आधी चेसीमधून केबिनच्या तळाला पोचलेलं असतं, आणि जिथं पत्रा सगळ्यात पातळ तिथं ते मोठ्यानं वाजतं. कान त्या पत्र्याचा आवाज ऐकतो, मूळ जागा राहते बाजूला.

गावातल्या फाट्यावर जो गॅरेजवाला आहे त्याच्याकडं नेली. त्यानं एकदा चालवून बघितली आणि सरळ सांगितलं, जॉइंटचा क्रॉस गेलाय, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांकडं नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला तुकडा. पटण्यासारखं होतं, कारण क्रॉस ढिला झाला की गाडी सोडताना आणि रिव्हर्सला टक्क वाजतंच, कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. त्यानं खाली जाऊन शाफ्ट हातानं हलवून दाखवला, थोडा खेळ होता. पण तेवढा खेळ 2010 च्या गाडीत असणारच असं आता वाटतं. क्रॉस खरंच गेलेला असला की त्याच्या कपाच्या कडेला सुकलेल्या गंजाची लाल भुकटी दिसते, आमच्या क्रॉसला ती नव्हती, ग्रीस ओलं होतं. ते तेव्हा बघायचं सुचलं नाही. नवीन क्रॉस बसवला, मजुरी धरून अठराशे गेले, गॅरेजच्या बाहेर गाडी काढली आणि दारातच फट्ट.

नंतर एकानं सांगितलं पुढच्या हाताचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, एकानं सांगितलं शॉकअप. बुश बघितले, ठीक होते. शॉकअप एक ओला होता पण एक बाजू काढून गाडी चालवून बघितली तरी आवाज तसाच, म्हणून तो विषय सोडून दिला.

मग हौद्याचे बोल्ट. हौदा चेसीवर ज्या क्लॅम्पनं धरलेला असतो त्याखाली लाकडाची पट्टी असते, ती वर्षानुवर्षं पाणी पिऊन कुजते आणि हौदा चेसीवर सरकून वाजतो. आमच्या गाडीनं तर पाणीच वाहिलेलं. मी स्वतः खाली गेलो, पट्टी खरंच एका जागी भुसा झालेली, नवीन बाभळीची फळी तासून घातली, सगळे क्लॅम्प आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीचे कट्टे भरून लातूरला गेलो, आवाज नाही. तिसऱ्या दिवशी परत तूर, आवाज नाही. मी खुशीत घरी सांगून टाकलं, सापडला. चौथ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन औशाला निघालो आणि घराच्या समोरच परत फट्ट.

तेव्हा लई वाईट वाटलं. पैशाचं नाही, पण त्या दोन दिवसांत मला खात्री झाली होती आणि ती खात्री खोटी निघाली. खरं म्हणजे त्या दोन दिवसांनीच मला उत्तर सांगितलं होतं, मला ऐकता आलं नाही. ते पुढं येतं.

अण्णा आता 76 चे आहेत, गाडी चालवत नाहीत, ओट्यावर बसून असतात. त्या संध्याकाळी मी तोंड पाडून बसलो होतो तर म्हणाले, "आरं मी महिनाभर ऐकूलालोय की. तू मागं घेतलास की एकदा वाजतंय. मग कितीबी मागं घे, वाजत नाही. मग पुढं काढलास की एकदा. मग नाही." मी म्हणलं हो, ते तर आहेच. तर म्हणाले, "आहेच काय? म्हंजी ती वस्तू एकदा तिकडं जाऊन बसूलालीय आन एकदा हिकडं. मदी कुठंबी नाही. क्रॉस असता तर चालत्या गाडीत ॲक्सिलेटर सोडला-धरला तरी वाजला असता. चालत्यात वाजतंय का?"

नव्हतं वाजत. तिसऱ्यात, चौथ्यात कितीही झटके द्या, काही नाही. फक्त दिशा बदलली की, आणि जोरात ब्रेक दाबला की कधीमधी.

मी इतके दिवस कुठून, कुठून करत होतो आणि अण्णांनी ओट्यावर बसल्या जागी कधी ते सांगितलं. रात्री वहीत लिहून काढलं. रिकामी असताना वाजतो. भरल्यावर नाही वाजत. पुढंमागं बदलताना एकदाच. ब्रेकला कधीमधी. वळताना नाही. खड्ड्यात नाही, हे महत्त्वाचं, कारण बुश किंवा शॉकअप असते तर आमच्या रस्त्यावर एवढं शांत राहिलेच नसते. आमची जमीन काळी, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षांत लाटेसारखा होतो. तिथं वाजत नाही म्हणजे वरखाली होणारी वस्तू नाही. पुढंमागं सरकणारी वस्तू आहे.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर गाडी नेली, सपाट आणि मोकळी जागा, पोरं नाहीत जनावरं नाहीत. गाडीला थोडा वेग दिला, दहा-बाराचा, न्यूट्रल केली आणि नुसता ब्रेक दाबला. फट्ट. न्यूट्रलमध्ये इंजिनचा जोर शाफ्टवर येतच नाही, म्हणजे क्रॉस, जॉइंट, गिअरबॉक्स हे सगळे एका झटक्यात सुटले. मग मागं घेऊन परत पुढं, न्यूट्रल, आणि या वेळी पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेक ओढला. आमच्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. फट्ट. म्हणजे पुढचं काहीच नाही, मागचा धुराच, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा तो आडवा दांडा. हा शोध लागला तेव्हा मी खळ्यावर एकटाच टाळी वाजवली.

पण मागं म्हणजे नेमकं काय? गाडीचं वजन पेलणारे कमानीसारखे पाटे आहेत, त्यांचे डोळे म्हणजे टोकाची भोकं, बुश, पाट्याचं टोक धरणारी शॅकल, पाटा धुऱ्याला आवळणारे यू-बोल्ट, पाटा ज्याला अडकतो ते चेसीला रिबीट मारलेले हँगर. खाली झोपून टॉर्चनं बघितलं तर सगळं चिखलानं माखलेलं, सगळं सारखंच दिसतं. टामी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकून बघितलं, काही हलत नाही. अर्थात हलणार नाहीच, टनभर वजनाची गाडी जे सरकवते ते माझ्या हातानं काय सरकतंय.

इथं आमच्या गल्लीतले मामा आले. नात्यातले नाहीत पण सगळे मामाच म्हणतात. हैदराबाद, सोलापूर, नागपूर लाइनला 30 वर्षं ट्रक चालवलेला माणूस. मी खाली झोपलेलो बघून म्हणाले, "भाच्या, डोळ्यानं काय बघूलालास, तिला सही करायला लाव." मला कळलं नाही. त्यांनी खिशातनं तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि मला म्हणाले सरक. आधी फडक्यानं आणि थोड्या डिझेलनं जागा कोरडी स्वच्छ पुसून घेतली. मग जिथं दोन वस्तू एकमेकाला टेकतात तिथं तिथं दोन्हींवरून जाईल अशी चुन्याची एक बारीक रेघ ओढली. पाट्यावरून खाली धुऱ्याच्या बैठकीवर एक, यू-बोल्टच्या प्लेटवर एक, शॅकलच्या पिनवर एक, हँगर आणि चेसीच्या मधे एक. दोन्ही बाजूंना. "वाळू दी तासभर," म्हणाले, "मग मागंपुढं कर."

चुना वाळला की कडक पापुद्रा होतो, जरा काही हललं की तडकतो. ऑइलपेंटनं पण हे होतं, खडूनं पण होतं म्हणे, पण चुना लवकर वाळतो आणि चिखलाच्या रंगात लांबून दिसतो. रस्त्यावर हजार किलोमीटर लांब अडकलेल्या माणसाच्या खिशात जे असतं त्यानंच त्याला काम भागवावं लागतं, हे मामांकडं बघून मला नेहमी जाणवतं.

तासाभरानं पाच-सहा वेळा मागंपुढं केलं, तेवढ्या वेळा फट्ट झालं, खाली गेलो. उजवीकडच्या सगळ्या रेघा शाबूत. डावीकडं शॅकल शाबूत, हँगर शाबूत. आणि पाटा नि धुऱ्याच्या मधली रेघ तुटून दोन तुकडे, वरचा तुकडा एकीकडं आणि खालचा बोटाच्या रुंदीएवढा पुढं. आणि जिथून मामांनी चिखल पुसला होता तिथं पाट्याच्या बुडाशी लोखंड आरशासारखं चमकत होतं. एवढ्या जुन्या गाडीत खालच्या बाजूला लोखंड चमकतंय याचा अर्थ तिथं रोज काहीतरी घासतंय. मामा फक्त एवढंच म्हणाले, "सेंटर बोल्ट."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. कमानपाट्याचे एकावर एक पाटे असतात, त्या सगळ्यांच्या मधोमध आरपार एक बोल्ट जातो, तो सेंटर बोल्ट. त्याचं डोकं खाली धुऱ्यावरच्या बैठकीतल्या भोकात बसतं, खुंटी बसावी तसं. धुरा नेमका कुठं बसायचा ते हा बोल्ट ठरवतो. पण धुरा धरून ठेवायचं काम त्याचं नाही, ते यू-बोल्टचं. प्रत्येक बाजूला दोन यू-बोल्ट, चार नट, ते पाटा आणि धुरा इतके आवळून धरतात की दोघांत सरकायला जागाच राहत नाही. आता मागची चाकं गाडीला पुढं ढकलतात ती कशातनं? पाट्यातनंच. ब्रेक मारल्यावर मागं ओढतात ती पण पाट्यातनंच. यू-बोल्ट ढिले झाले की हा सगळा ढकलाढकलीचा भार त्या एका बारक्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो किती दिवस सोसणार, एक दिवस कात्रीनं कापल्यासारखा तुटतो. मग क्लच सोडला की धुरा पाट्याखाली थोडा पुढं सरकतो, फट्ट, तिथंच बसून राहतो. रिव्हर्स घेतला की मागं, फट्ट. अण्णांनी सांगितलं होतं तेच, एकदा तिकडं जाऊन बसूलालीय आन एकदा हिकडं.

आणि तुरीचे ते दोन दिवस. कट्टे भरले की वजनानं पाटा धुऱ्यावर दाबून बसतो, घर्षण वाढतं, सरकत नाही, आवाज बंद. मी बाभळीच्या फळीला श्रेय दिलं, काम केलं होतं तुरीनं.

मामांनी अजून एक गोष्ट करून दाखवली. स्टेअरिंग सरळ ठेवून गवंड्याचा ओळंबा प्रत्येक चाकाच्या मधोमधून खाली सोडला, फरशीवर खडूनं खूण केली, आणि टेपनं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडं 14 मिलिमीटर कमी. म्हणजे मागचा धुरा तिरका झालेला, गाडी जराशी तिरकी पळत होती. काही दिवसांपासून स्टेअरिंग थोडं एका बाजूला धरावं लागायचं आणि मी ते टायरवर ढकलत होतो. हे बघून मात्र अंगावर काटा आला. कारण हा नुसता आवाज नव्हता. धुरा अजून सरकला असता तर शाफ्ट, ब्रेकचा पाइप, सगळं ताणलं गेलं असतं, आणि त्याच हौद्यात येळवसला चुलती आणि पोरं बसली होती. तसं बसवायलाच नको होतं, आता बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामीच, वीस-पंचवीसच्या वेगानं लातूरला कमानपाटेवाल्याकडं नेली. चाचा म्हातारे, साठीच्या पुढचे, कानात पेन्सिल. मी चुन्याची रेघ दाखवली तर हसले, "किसने लगाया? ट्रकवाला है ना कोई घर में?" खोलून काढायला अर्धा दिवस गेला, नट गंजून एक झालेले. पाटा उचलला तसा बोल्टचा अर्धा तुकडा टणकन खाली पडला. चाचांनी तो पुसून मला दाखवला, तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळा-तपकिरी, जुना, आणि कडेचा चंद्रकोरीएवढा भाग पांढरा करकरीत. म्हणजे तडा कधीचाच गेलेला, हळूहळू वाढत आलेला, आणि उरलेला कोपरा परवा-परवा तुटला. येळवसच्या सकाळी असं मी धरून चालतो.

मग त्यांनी विचारलं की पाट्याचं काम आधी कधी केलं होतं. दोन वर्षांपूर्वी, पाटे बसून सपाट झाले होते म्हणून कमान मारून, म्हणजे त्यांचा वाक परत आणून घेतला होता, दुसरीकडं. "फिर टाइट कराने गए थे?" नव्हतो गेलो. कुणी सांगितलंच नव्हतं. पाटे खोलून परत बसवले की थोडे दिवस गाडी चालल्यावर पाटे एकमेकांवर नीट बसतात, मधला गंज-रंग दबतो, आणि यू-बोल्ट तेवढे ढिले होतात. म्हणून चार-पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट परत आवळायचे असतात. दोन मिनिटांचं काम. शिवाय त्या वेळी यू-बोल्ट जुनेच घातलेले. चाचांनी सांगितलं ते कधीच परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले गेले की पकड धरत नाहीत, आटे पण गेलेले असतात.

दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट, चारही यू-बोल्ट, आठ नट, सगळं नवीन घातलं, उजवीकडचा बोल्ट चांगला होता तरी. बैठकीचं भोक नशिबानं फारसं पसरलं नव्हतं. नट आवळताना एक पूर्ण आणि मग दुसरा असं नाही, चौकटीत समोरासमोरचे थोडे थोडे, आणि शेवटचं आवळणं गाडी जॅकवरून उतरवून चाकावर वजन आल्यावर. मी हे सगळं उभं राहून बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. सेंटर बोल्टची किंमत शंभराच्या आत.

परत येताना ओळंबा लावून मोजलं, दोन्ही बाजू सारख्या. स्टेअरिंग सरळ. घराच्या समोर मुद्दाम तीन वेळा मागंपुढं केलं, अण्णा ओट्यावरून ऐकत होते, काही बोलले नाहीत, हात वर केला फक्त.

470 किलोमीटर झाल्यावर परवा परत चाचांकडं जाऊन आलो. आठपैकी तीन नट पाव-पाव फेरा बसले. मामांच्या डबीतल्या चुन्याची नवीन रेघ मी दोन्ही बाजूंना ओढून ठेवलीय, दर रविवारी गाडी धुताना खाली वाकून बघतो, अजून तडकली नाही. फाळक्याची कडी मात्र खडखडते, ती वायसर टाकून बसवायचीय.